पलीकडचं घर

उंब्रजची मुलगी मी. हमरस्त्यावरच्या गावची. दारावरून मोटारी जायच्या, बाजार भरायचा, आणि मुलींनीसुद्धा सातवीपर्यंत शिकायचं अशी आमच्या घरात रीत होती. अशा गावातून मला जिथं दिलं त्या वाडीला रस्ता नव्हता, दुकान नव्हतं, आणि पाटी तर नव्हतीच. आमच्या आळीतल्या बायका माझ्या आईला म्हणाल्या, "आगं, पोरगी वढ्यात दिलीस की!"

ते अगदीच खोटं नव्हतं. वाडी ओढ्याच्या दोन्ही काठांवर वसलेली. थोडी घरं अलीकडे, त्याहून थोडी पलीकडे, मध्ये घोट्याएवढं पाणी आणि पाय ठेवायला मांडलेले दगड. उन्हाळ्यात तर दगडांचीही गरज नसायची. अलीकडच्या बाईनं फोडणी दिली की पलीकडची शिंकायची, एवढंच काय ते अंतर. पण त्या एवढ्याशा पाण्यानं या वाडीला जेवढी राज्यं दाखवली तेवढी आमच्या उंब्रजनंही पाहिली नसतील. हे मी आज छाती पुढं काढून सांगते. तेव्हा मात्र मी नाक मुरडलं होतं.

सासरी आल्यावर चार-दोन दिवसांतच मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मला खळ्याच्या कडेला बसवलं. नव्या सुनेला कुणी दागिने दाखवतं, कुणी दुभती म्हैस दाखवतं. आमच्या मामंजींनी मला राज्यं दाखवली.

आधी सातारच्या गादीचं राज्य. मग गोऱ्या साहेबाचं. मुलुखाची वाटणी झाली तेव्हा कुणीतरी कचेरीत बसून आमच्या ओढ्यावरूनच रेघ मारली. आमचा काठ इंग्रजी अमलात गेला, त्याला खालसा म्हणायचे. समोरचा काठ एका संस्थानिकाकडे गेला. सकाळी एकाच विहिरीवर पाणी भरणाऱ्या जावाजावा दुपारपर्यंत दोन राज्यांची रयत झाल्या. दोन पाटील, दोन तलाठी, दोन कायदे.

"मग तुमी काय केलं?" मी विचारलं.

"काय करायचं? वढा हुता न्हवं," मामंजी म्हणाले, आणि असे हसले की त्यांच्या मिशा वर गेल्या.

वाडीनं जे केलं ते असं. संस्थानचा शिपाई वेठीला माणसं आणि बैल धरायला आला, की पलीकडची माणसं बैल, पोरं, म्हातारी सगळी घेऊन ओढा ओलांडून आमच्या काठावर यायची. शिपायाला इकडे पाय टाकायची मुभा नव्हती. तो काठावर उभा राहून शिव्या देई आणि निघून जाई. उलट आमच्याकडे इंग्रजी पोलीस आले, की आमची माणसं पलीकडे. बेचाळीसनंतर भूमिगतांना शोधत पोलीस यायचे तेव्हा तर आमची माणसं पलीकडे आणि भूमिगत कडब्याच्या गंजीत. देवी टोचणारा आला तरी पळायचे, हे मामंजींनी जरा ओशाळून सांगितलं. त्यांच्या दंडावर टोचल्याची खूण नव्हती आणि तोंडावर मात्र देवीचे वण होते.

पळून जायचं तेही कुठंही नव्हे. प्रत्येक घराचं समोरच्या काठावर एक घर ठरलेलं असायचं. त्याला 'पलीकडचं घर' म्हणायचे. आमच्या घराचं पलीकडचं घर अगदी समोर, त्याचं दार आमच्या खळ्यावरून दिसायचं. नातं नाही, गोतं नाही, पण लग्नाची पहिली अक्षता त्या घराला. ओलांडून आलेल्या माणसाला का आलास म्हणून विचारायचं नाही, आत घ्यायचं, आणि भाकरी खाल्ल्याशिवाय परत जाऊ द्यायचं नाही. शिपाई गेला असला तरी भाकरी खाऊनच जायचं. ही रीत मोडलेली कुणाच्या ऐकिवात नव्हती.

आणि हे सगळं घडायचं एका आरोळीवर. टेकडीवर शेरडं राखणारा माणूस खाकी कपडा पाहिला की ओरडायचा, "म्हस सुटलीऽऽ!" शिपायाला वाटायचं, कुणाची तरी म्हैस सुटली. वाडी तोवर पाण्यात. मामंजींनी ऐन उमेदीची सगळी वर्षं ही आरोळी दिली होती. त्यांचा आवाज होताही तसा, कौलं हलवणारा.

मग स्वातंत्र्य आलं, संस्थानं विलीन झाली. त्या दिवशी म्हणे दोन्ही काठांच्या लोकांनी ओढ्याच्या मधोमध उभं राहून एकमेकांना गूळ भरवला. आता एकच राज्य, आता ओढा म्हणजे नुसता ओढा. पुढं सातारा जिल्ह्याचे दोन तुकडे झाले, उत्तर आणि दक्षिण. नवी रेघ कुठून मारली असेल? आमच्या ओढ्यावरून! आम्ही उत्तर सातारा, पलीकडचे दक्षिण सातारा. पुढं दक्षिण साताऱ्याचं सांगली झालं. मामंजी म्हणायचे, "राणी गेली, राजं गेलं, वढा हाय तितंच हाय." त्यात तक्रार नसायची. उलट एवढे मोठमोठे लोक पुन्हा पुन्हा आपल्याच ओढ्यापाशी येऊन थांबतात, याचा त्यांना थोडा गर्वच होता.

मी आले तेव्हा मुंबई राज्य होतं. मुलगी झाली तेव्हा गुजरात-महाराष्ट्र एकत्र होते. ती धड बोलायला लागली तोवर महाराष्ट्र झाला होता. एवढ्याशा पोरीनं इतकी राज्यं पाहिली आणि शाळा मात्र पाहिली नव्हती.

इथं माझं डोकं फिरायला सुरुवात झाली. जवळची शाळा दीड कोसावर, मध्ये नदी. वाडीतले मुलगे नदी उतरून जायचे, पावसाळ्यात घरी बसायचे, आणि कसेबसे चौथीला पोचायचे. मुली जातच नसत. माझी मुलगी सहा वर्षांची झाली. आमचे हे फौजेत, तिकडे वर बर्फात. त्यांची पत्रं मी वाचायची, आणि आळीतल्या सगळ्या बायकांच्या नवऱ्यांची पत्रंही मीच वाचायची. नवऱ्यानं बायकोला लिहिलेलं परक्या बाईनं मोठ्यानं वाचून दाखवायचं, आणि त्या बिचारीनं पदर तोंडाला लावून ऐकायचं. माझ्या मुलीनं उद्या असं ऐकत बसावं, हे मला चालणार नव्हतं. वाडीत शाळा झाली तर ती शिकेल, नाहीतर नाही. दुसरी वाट नव्हती.

शाळेसाठी वाडीनं आधी अर्ज केले होते. साताऱ्याकडून उत्तर आलं, पोरं कमी पडतात. पलीकडच्यांना सांगलीकडून उत्तर आलं, पोरं फारच कमी पडतात. दोन्ही काठ मिळून मोजा म्हटलं तर, जिल्हा वेगळा, मोजता येत नाही.

हे अर्ज लिहायचे हवालदार. आमच्या काठाला खालच्या अंगाला पाच-सहा घरं होती, छप्पन साली बौद्ध झालेली. त्यातल्या एका घरचे हे फौजेतून पेन्शन घेऊन आलेले. सगळी वाडी त्यांना हवालदार म्हणायची, त्यांना पायरीवर न घेणारेसुद्धा. ताठ माणूस. घराच्या भिंतीला चुना, अंगणात फुलझाडं, आणि आपल्या मुलीला त्यांनी घरीच अक्षरं आणि पाढे शिकवलेले. माझ्या मुलीच्याच वयाची ती, पण तिसापर्यंतचे पाढे घडाघडा म्हणायची.

मी एका दुपारी त्यांच्याकडे गेले. आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, सांगून गेले. त्यांनी तोंड फिरवलं, पण नको म्हणाल्या नाहीत. मी हवालदारांना विचारलं, "अर्जात पोरं धरली ती कुठली?"

"शाळंत जानारी. पोरं."

"आन पोरी?"

ते थांबले. मग म्हणाले, "पोरी कुनी धरा म्हनलंच न्हाई, वैनी."

"मी म्हणते. धरा."

आम्ही अंगणात बसून घरागणिक मोजलं. मुली धरल्या, खालच्या घरांतली सगळी मुलं धरली, तर आकडा जेमतेम भरत होता. मला इतका आनंद झाला की मी तिथंच वाडीचं गुणगान सुरू केलं. म्हटलं, एवढी राज्यं आली न् गेली, पण आपली वाडी कधी फुटली नाही. कुठं असं असतं का, की प्रत्येक घराला पलीकडे एक हक्काचं घर?

हवालदार वहाणेचा अंगठा नीट करत होते. मान वर न करता म्हणाले, "आमच्या घरास्नी पलीकडं घर नव्हतं, वैनी. आरोळी झाली की आमीबी वलांडायचो. पर आमी चिंचंखाली हुबं ऱ्हायाचो. पाऊस असला तरी. भाकरी यायची, वरनं टाकायची. छप्पनपास्नं आमी ती घेत न्हाई."

माझं गुणगान तिथंच तुटलं. इतकी वर्षं पलीकडच्या घराची गोष्ट मी ऐकत होते, आणि त्या गोष्टीत ही पाच-सहा घरं नाहीत हे माझ्या ध्यानातसुद्धा आलं नव्हतं. हवालदारांनी मात्र मला फार वेळ तसं बसू दिलं नाही. "लिवायचा का मंग अर्ज?" म्हणाले, आणि दौत पुढं ओढली.

अर्ज गेला. माघात निरोप आला की शाळाखात्याचे साहेब स्वतः येऊन पोरं बघणार. जी समोर दिसतील तीच धरणार, कागदावरची धरणार नाहीत.

वाडीत लग्नाची गडबड उडाली. आमचं खळं मोठं आणि ओढ्याच्या कडेलाच, म्हणून पोरं तिथं बसवायची ठरली. खळं सारवलं. बायकांनी पोरांची डोकी धुतली, तेल चोपडलं, इतकं की उन्हात डोळे दिपावेत. रांगा लावल्या. पुढं पाटलाची आणि मोठ्या घरांची, मग बाकीची, आणि सगळ्यात मागं खालच्या घरांतली. कुणी तसं ठरवलं नव्हतं, ज्यानं त्यानं आपापली जागा घेतली होती. मी पाहिलं आणि गप्प बसले, कारण एक पोर कमी झालं तरी शाळा जाणार होती.

आणि तसंही कमी पडलंच. दोन घरं गुऱ्हाळावर गेली होती, पोरांसकट, सांगूनसवरून सुद्धा. मी त्यांना काय काय म्हणाले ते इथं लिहीत नाही.

साहेब किती वाजता येणार हे माहीत नव्हतं. म्हणून वाडीच्या जाणत्यांनी मामंजींना टेकडीवर पाठवलं. "सायब दिसला की हाळी द्या," एवढंच त्यांना सांगितलं. त्यांच्याइतका आवाज दुसऱ्या कुणाचा नव्हता. ही एवढी मोठी चूक आमच्याच वाडीत होऊ शकते.

उन्हं तापायला लागली होती. पोरं चुळबुळ करत होती. लांबवर धूळ उठली आणि जीप दिसली. खाकी जीप. ड्रायव्हर खाकी कपड्यात. मामंजी काठी टेकून उभे राहिले, छाती भरून घेतली, आणि जन्मभर जी एकच हाळी दिली तीच दिली.

"म्हस सुटलीऽऽ!"

मी पुढं काय पाहिलं ते सांगते. आत्याबाई, ज्यांना गुडघ्यानं उठवत नव्हतं, त्या उठल्या, दोन पोरं दोन बखोटीला धरली आणि पाण्यात. त्यांच्यामागं सगळ्या म्हाताऱ्या. पोरांना तर काय, 'म्हस सुटली' हा त्यांचा रोजचा खेळ. आरोळी झाली की जो आधी पलीकडे पोचेल तो जिंकला. पाट्या टाकून, तेलकट डोकी चमकवत, माझ्या मुलीसकट सगळी वाडी किंचाळत ओढा ओलांडून गेली. मी "आरं थांबा, थांबा!" ओरडत होते. कुणाला ऐकू येणार? दोघं म्हातारे तर बैल सोडून त्यांनाही घेऊन गेले.

जीप खळ्यापाशी येऊन थांबली तेव्हा खळ्यावर पाट्या पडल्या होत्या आणि फक्त मागची रांग बसली होती. खालच्या घरांतली सगळी मुलं, मांडी घालून, हात गुडघ्यावर. हवालदारांनी त्यांना बसायला सांगितलं होतं आणि उठायला सांगितलं नव्हतं. आणि पळून जायचं तरी कुणाच्या घरात?

साहेब उतरले. तरुण होते, चष्मा, घामेजलेले. त्यांनी रांगेकडे पाहिलं, पाट्यांकडे पाहिलं, पलीकडे चाललेल्या कल्लोळाकडे पाहिलं. "एवढीच?"

मी तोंड उघडलं, पण हवालदार पुढं झाले. टाचा जुळवल्या. "साहेब, बाकीची येत्यात. हाईत त्यांची नावं तेवढ्यात घ्या."

साहेबांना दुसऱ्या दोन गावांना जायचं होतं. तरी ते घोंगडीवर बसले आणि लिहायला लागले. पहिलं नाव हवालदारांच्या मुलीचं. मी पदर खोचला आणि पाण्यात उतरले.

पलीकडे गेले तर काय, पोरं जेवायला बसलेली! घराघरात, ओळीनं, भाकरी आणि कालवण. आमच्या पलीकडच्या घरची आजी माझ्या मुलीला वाढत होती. ही आजी म्हणजे त्या काठाचा दरारा. मी म्हटलं, "आवं आजी, साहेब निघाला! सोडा पोरांना!"

"खाल्ल्याबिगार कशी सोडू?" आजी म्हणाली. "आजवर सोडलं न्हाई."

"शिपाई न्हाई तो! शाळेचा साहेब हाय! आपणच बोलावलाय!"

आजीच्या हातातली पळी थांबली. मग तिनं कपाळावर हात मारून घेतला, आणि मला वाटतं त्या क्षणी दोन्ही काठांना एकदमच कळलं. असा हशा उठला की साहेब पलीकडे उठून उभे राहिले. आजी ओरडली, "हातात घ्या रं भाकरी! पळा!" आणि ज्या वेगानं गेली त्याच्या दुप्पट वेगानं पोरं परत निघाली. एका हातात भाकरी, दुसऱ्या हातानं चड्डी सावरत. त्यांच्याबरोबर पलीकडची पोरंही निघाली, कारण असला खेळ कोण सोडतं? मागून आजी, नातीचा हात धरून, आणि डोक्यावर भाकरीची पाटी.

साहेब मोजायला लागले. दोन घरं गुऱ्हाळावर, तेव्हा आमच्या काठाची पोरं कमी भरली. साहेबांनी पेन खिशाला लावलं. "आणि ही?" त्यांनी पलीकडच्या पोरांकडे बोट केलं. "ही सांगलीकडची ना?"

माझी मुलगी भाकरीचा तुकडा चघळत माझ्याकडे पाहत होती. मला वाटलं, संपलं.

आजीनं पाटी खाली ठेवली. "लिवा की ती बी."

"आजी, या काठावर ज्यांचं घर आहे तीच मुलं मला लिहिता येतात."

"हाय की घर," आजी म्हणाली, आणि आपल्या नातीला आमच्या दारापाशी नेऊन उभी केली. "हे हिचं पलीकडचं घर. हिच्या बापाला सौंस्थानच्या शिपायानं धराय केलं तवा तो हितं ऱ्हायला, चार महिनं. विचारा ह्यास्नी." मग तिनं एकेका पोराला हाताला धरून दाखवलं, हे ह्याचं घर, ते त्याचं घर. आमच्या काठाच्या बायका आपापल्या उंबऱ्यावर येऊन उभ्या राहिल्या आणि आपापलं पोर जवळ घेऊ लागल्या. एकीनंही मागं पाहिलं नाही.

साहेबांनी एकेका उंबऱ्याकडे पाहिलं. मग आजीला म्हणाले, "इथं लिहिली की सांगलीकडून तुम्हांला शाळा कधीच मिळायची नाही. समजतंय ना?"

"येका वाडीला दोन शाळा कशाला?" आजी म्हणाली.

त्यांनी पेन काढलं. मी त्या वेळी रडले, आणि रडताना मला कुणी पाहू नये म्हणून पाट्या गोळा करत राहिले. कुठलं राज्य, कुठला जिल्हा, कुणी आमच्यावरून किती रेघा मारल्या! आणि या अडाणी म्हाताऱ्यांनी त्यांतली एकही मनावर घेतली नव्हती. माझ्या उंब्रजच्या बायकांना आणून हे दाखवावं, असं मला झालं.

साहेब गेल्यावर आजी उरलेल्या भाकऱ्या वाटू लागली. मागच्या रांगेतली मुलं अजून तशीच बसली होती. ती त्यांच्यापाशी गेली आणि म्हणाली, "ह्यांनी न्हाई खाल्ली. ह्यांच्यामुळं तर सायब थांबला. घ्या रं."

मुलांनी हवालदारांकडे पाहिलं. हवालदार आवाज न चढवता म्हणाले, "आजी, भाकरी नगं. पुढच्या येळंला घरात घ्या."

हसणं थांबलं. मामंजी टेकडीवरून नुकतेच आले होते, तेही थबकले. आजीनं भाकरी परत पाटीत ठेवली, पाटी डोक्यावर घेतली आणि ओढा ओलांडून गेली. आमच्यातले दोघे-तिघे हवालदारांना बोलायला उठले. "गप बसा," मामंजी त्यांना म्हणाले, एवढंच.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. इमारत पुढं झाली, पहिली दोन वर्षं आमच्या गोठ्यातच भरायची. म्हशी बाहेर, पोरं आत. मास्तर साताऱ्याचे, शिस्तीचे. साहेबांनी ज्या क्रमानं नावं लिहिली होती त्याच क्रमानं त्यांनी हजेरी घेतली आणि त्याच क्रमानं मुलं बसवली. पहिलं नाव हवालदारांच्या मुलीचं, म्हणून ती सगळ्यांत पुढं. तिच्या मागं खालच्या घरांतली सगळी, आणि पाटलाचा नातू पार म्हशीच्या दावणीपाशी. दोन घरांनी रागावून आठवडाभर पोरं पाठवली नाहीत. मास्तर म्हणाले, नसतील येत तर नावं कमी करतो. आठव्या दिवशी आली.

पहिल्या दिवशी सगळी वाडी गोठ्याबाहेर उभी होती. आजीही आली होती, नातीला सोडायला. मास्तरांनी पहिलं नाव पुकारलं. "हजर!" असा खणखणीत आवाज आला की बाहेर बांधलेली म्हैस वळून बघायला लागली. मग मास्तरांनी तिला पाढे विचारले, आणि ती म्हणत सुटली, थांबेचना. माझ्या मुलीचं नाव आलं तेव्हा ती नुसती "हं" म्हणाली. मी बाहेरून दटावलं तेव्हा "हजर" म्हणाली. हसायचं होतं, पण मला कसं हसू येणार? माझी मुलगी शाळेत होती.

शाळा सुटली. आजी नातीचा हात धरून ओढ्यापर्यंत गेली आणि थांबली. परत फिरली. हवालदार आपल्या मुलीला घ्यायला आले होते. आजी त्यांच्यासमोर उभी राहिली. तिला ते बोलणं जड जात होतं, ते दिसत होतं. आजवर तिला काही जड गेलेलं मी पाहिलं नव्हतं.

"हवालदार, माज्या नातीला आकडं येत न्हाईत," ती म्हणाली. "सांजच्याला तुजी पोरगी धाड माज्याकडं. जरा शिकवंल तिला."

"धाडतो," हवालदार म्हणाले.

संध्याकाळी मी खळ्यावर धान्य निवडत होते. हवालदारांची मुलगी पाटी छातीशी धरून दगडांवरून पलीकडे गेली. थोड्या वेळानं हवालदार आले. कधी न येणारा माणूस, खळ्याच्या कडेला येऊन उभा राहिला. तिथून त्यांना नीट दिसत नव्हतं. डोळे अधू झाले होते आणि चष्मा घ्यायचा राहिला होता. पलीकडून पाढ्याचा आवाज येत होता, एक खणखणीत आणि त्यामागं एक चाचपडत.

"वैनी," त्यांनी विचारलं, "भाईर बसलीया, का आत?"

मी वाकून पाहिलं. दार सताड उघडं होतं. माजघरात चुलीच्या उजेडात दोन पोरी एका पाटीवर वाकल्या होत्या, आणि आजी मध्ये बसून दोघींच्या डोक्यावरून हात फिरवत होती.

"आत," मी म्हणाले. आणि माझा आवाज असा निघाला, जणू ते घर मीच बांधलं होतं.